दीक्षा ऑगस्टात, गरज फेब्रुवारीत

मैसुरूच्या एखाद्या महाविद्यालयात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी आहे, असं धरून चालू. प्रकल्पासाठी तिने विषय घेतलाय मैसुरूच्या रेशीमधंद्याचा. गाव तिचंच. १९१२ साली नाल्वडी कृष्णराज वडियार महाराजांच्या काळात निघालेला रेशमाचा कारखाना तिने लहानपणापासून बाहेरून पाहिलेला, आणि आजीच्या ट्रंकेत तिथली एक साडीही आहे. विषय अगदी घरचा. ती ग्रंथालयातल्या संगणकासमोर बसते, शोधाच्या चौकटीत इंग्रजीतून शहराचं नाव टाकते. हल्ली पाट्यांवर आणि सरकारी कागदांवर लिहितात तसं, शेवटी ‘उ’ लावून, ‘मैसुरू’. पुढे ‘सिल्क’. बटण दाबते. चार-सहा नोंदी येतात, सगळ्या गेल्या दहा-बारा वर्षांतल्या. आपल्या विषयावर आधी कुणी फारसं लिहिलेलंच नाही अशी तिची खात्री पटते, आणि प्रकल्पाच्या प्रस्तावनेत ती तसं लिहूनही टाकते.

चूक तिची नाही. शहराचं इंग्रजी स्पेलिंग बदललं ते १ नोव्हेंबर २०१४ रोजी. त्याआधीची सगळी पुस्तकं, अहवाल, प्रबंध ‘मायसोर’ या नावाखाली नोंदलेले आहेत, आणि यंत्राला ही दोन्ही एकाच गावाची नावं आहेत हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. कुणीतरी हे तिच्या कानावर घालतं, ती ‘मायसोर’ टाकून पाहते आणि आता नोंदींचा पूर येतो. पण त्या पुरात दुसरा खड्डा आहे. १ नोव्हेंबर १९७३ पर्यंत ‘मायसोर’ हे नुसत्या शहराचं नव्हे, अख्ख्या राज्याचं नाव होतं. कर्नाटक हे नाव त्या दिवशी आलं. म्हणजे १९६५च्या तक्त्यात ‘मायसोर’समोर जो रेशमाचा आकडा असेल तो राज्याचा असू शकतो. आणि त्याच्याही खाली तिसरा खड्डा : १ नोव्हेंबर १९५६ला राज्यपुनर्रचना झाली आणि जुन्या संस्थानाच्या मुलखाला बेळगाव, विजापूर, धारवाड, कारवारकडचा भाग, हैदराबादेकडचे जिल्हे, कोडगू असं बरंच काही जोडलं गेलं. १९५०ची ओळ आणि १९६०ची ओळ एकाच तक्त्यात एकाखाली एक असली, तरी त्या एकाच भूभागाच्या नाहीत. तिन्ही तारखा १ नोव्हेंबर, कर्नाटकाच्या राज्योत्सवाचा दिवस. मैसुरूच्या विद्यार्थ्याला त्या दिवशी सुट्टी असते. त्या सुट्टीचा ग्रंथालयातल्या शोधाशी काय संबंध, हे मात्र त्याला कुणी सांगत नाही.

मराठी वाचकाने इथे दुसऱ्याच्या घरातली गंमत पाहतोय अशा थाटात बसू नये. सीमाप्रश्नावर लिहू पाहणारा आपला विद्यार्थी ‘महाराष्ट्र कर्नाटक सीमावाद’ असे शब्द टाकून शोधायला लागतो. ज्या महाजन आयोगाच्या नावाने आपण इतकी वर्षं बोटं मोडली, त्याच्या १९६७च्या अहवालाच्या शीर्षकात कर्नाटक हा शब्दच नाही. तिथे महाराष्ट्र, म्हैसूर आणि केरळ आहे. असणारच, तेव्हा राज्याचं नावच ते होतं. आणि आपल्याकडे तर म्हैसूर, मैसूर, मैसुरू, म्हैसुरू अशी चार रूपं छापात सुखाने नांदतात.

तर हे शिकवायचं कुणी, कुठे आणि केव्हा? या प्रकरणाचा विषय तो. अभ्यासक्रमाच्या भाषेत याला कधी ‘वाचक शिक्षण’ म्हणतात, कधी ‘माहिती साक्षरता’. कॉलेजच्या जिन्यात मात्र त्याचं नाव एकच, ‘लायब्ररी ओरिएंटेशन’. गेली पंचवीस-तीस वर्षं जगभरचे ग्रंथपाल यावर वाद घालताहेत की हे शिक्षण वर्गात समोरासमोर द्यावं की संगणकावरून. वाद मला थोडा चुकीच्या जागी घातलेला वाटतो. का, ते पुढे येईलच.

आधी ते ओरिएंटेशन डोळ्यांसमोर आणा. ऑगस्टचा दुसरा-तिसरा आठवडा. सभागृहात शंभर-सव्वाशे नवी मुलं. ग्रंथपाल माइक हातात घेऊन सांगतात : कार्ड कुठे मिळेल, एका वेळी किती पुस्तकं, किती दिवसांसाठी, उशीर झाला तर रोजचा दंड किती, पिशव्या बाहेर ठेवायच्या, मोबाइल बंद. मग रांगेने एक फेरी. हा वाचनकक्ष, ही नियतकालिकं, हे संदर्भग्रंथ, याला घरी न्यायची परवानगी नाही. वीस मिनिटांत मंडळी कँटीनमध्ये. यातलं काय लक्षात राहतं हे वर्षाअखेरीला विचारून पाहा. दंड लक्षात राहतो.

मुलं मठ्ठ आहेत म्हणून असं होत नाही. त्या दिवशी त्यांना काही शोधायचंच नसतं. तहान नसताना विहिरीची वाट दाखवली तर ती वाट कोण ध्यानात ठेवील? प्रकल्प येतो दुसऱ्या सत्रात, जानेवारी-फेब्रुवारीत, आणि तोवर ऑगस्टमधली फेरी दुसऱ्या कुणाच्या तरी आयुष्यात घडल्यासारखी झालेली असते.

गंमत अशी की ही गोष्ट आपल्याकडे एका माणसाने फार पूर्वी मांडून ठेवली होती. शियाळी रामामृत रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. मूळचे गणिताचे अध्यापक. नव्या जागेवर दिवसभर करायला काही नाही म्हणून सुरुवातीलाच कंटाळले आणि परत शिकवायला येऊ द्या म्हणून मागे लागले होते. त्यांना लंडनला पाठवलं गेलं, तिथे या विषयाची गोडी लागली, आणि १९३१ साली त्यांची ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं आली, १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण. आयुष्याचा शेवटचा टप्पा त्यांनी बेंगळुरूत काढला. १९६२ साली तिथे प्रलेखन संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र सुरू झालं ते त्यांच्यामुळेच. या रंगनाथनांनी ग्रंथपालाच्या मदतीचे वेगवेगळे तुकडे पाडले होते. पहिला तुकडा, नवख्याला ग्रंथालयाची ओळख करून देणं. त्यासाठी त्यांनी वापरलेल्या शब्दाला मराठीत ‘दीक्षा’ हाच जवळचा शब्द. मग सर्वसाधारण वाचकाला मदत. मग चटकन उत्तर देता येतील अशा प्रश्नांची सेवा. आणि शेवटी, ज्या प्रश्नाच्या मागे तासन्‌तास, दिवसन्‌दिवस लागावं लागतं अशा प्रश्नाची सेवा. दीक्षा हा चारांतला एक भाग, आणि तोही सगळ्यात लहान. आपल्या महाविद्यालयांनी तेवढाच उचलला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागतकार्यक्रमाची पुस्तिका काढली, तिचं नावही ‘दीक्षारंभ’. आरंभ दरवर्षी होतो. पुढचं काय, ते कुणी विचारत नाही.

मैसुरूला ग्रंथालयांचा तोटा कधीच नव्हता. १८९१ साली संस्थानाने प्राच्य ग्रंथालय काढलं. आज ते प्राच्यविद्या संशोधन संस्था म्हणून ओळखलं जातं. इमारत महाराणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने बांधलेली. तिथे ताडपत्रांना गवती चहाचं तेल लावायची पद्धत. तेलाने पान ठिसूळ होत नाही, किडाही लागत नाही. १९०५ साली तंजावर जिल्ह्यातल्या एका पंडिताने इथे ग्रंथ लिपीतली एक पोथी आणून दिली. ग्रंथपाल होते आर. शामशास्त्री. त्यांनी पानं वाचली आणि ओळखलं की हे कौटिल्याचं अर्थशास्त्र आहे, ज्याची तोवर इतर ग्रंथांतल्या उल्लेखांवरून आणि उताऱ्यांवरूनच माहिती होती. १९०९ साली मूळ ग्रंथ छापून निघाला, १९१५ साली इंग्रजी भाषांतर. ही गोष्ट सांगताना सगळे पोथीचं कौतुक करतात. मला त्या ओळखण्याचं अधिक वाटतं. कुठल्याही सूचीत नसलेली वस्तू समोर आली, आणि माणसाने आधी वाचलेल्या शंभर गोष्टींच्या आधाराने तिला नाव दिलं. जुन्या पद्धतीच्या शिक्षणाची ही सगळ्यात उंच जागा. पण ती ग्रंथपालाच्या डोक्यात होती, वाचकाच्या नव्हे.

आपल्याकडे सुरुवातही तशीच झाली. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना आणलं, १९११ साली ग्रंथालयशिक्षणाचा वर्ग निघाला, आणि १९१२पासून इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत ग्रंथालयांना वाहिलेलं एक नियतकालिकही निघू लागलं. थोर काम. पण ते शिक्षण खिडकीच्या आतल्या माणसासाठी होतं. बाहेर उभ्या असलेल्याला काय शिकवायचं? त्याने चिठ्ठी लिहायची, शिपाई पुस्तक आणून देईल. आपल्या कित्येक महाविद्यालयांत ही चिठ्ठीची खिडकी अगदी परवापरवापर्यंत होती आणि काही ठिकाणी अजून आहे. मुलगा तीन वर्षं शिकून पदवी घेऊन जातो, पण मांडणीत शिरून एक पुस्तक हाताने काढलेलं नसतं. तेव्हा ‘पारंपरिक ग्रंथालय शिक्षण विरुद्ध ऑनलाइन’ अशी तुलना कुणी मांडली की मी आधी विचारतो, यातलं पहिलं आपल्याकडे होतं कुठे? नसलेल्या सुवर्णयुगाशी मोबाइलची तुलना करून मोबाइलला नावं ठेवणं सोपं असतं.

जिथे ते खरोखर होतं तिथे मात्र ते चांगलं होतं, हेही कबूल करायला हवं. लाकडी खणांतली तालिकापत्रं ज्यांनी हाताळली आहेत त्यांना ‘पाहा’ हे पत्र आठवत असेल. मैसुरू विद्यापीठाचे कुलगुरू असलेले कन्नड महाकवी ‘कुवेंपु’ या नावाने जगाला माहीत. खरं नाव कुप्पळ्ळी वेंकटप्पा पुट्टप्पा. सूचीकाराने एका नावाखाली सगळी पुस्तकं ठेवायची आणि दुसऱ्या नावाच्या जागी एकच पत्र ठेवायचं : याच्यासाठी तिकडे पाहा. आपल्याकडे कुसुमाग्रज आणि शिरवाडकर, गोविंदाग्रज आणि गडकरी, बालकवी आणि ठोंबरे. हे बोटभर पत्र वाचकाला न बोलता एक मोठी गोष्ट शिकवायचं. वस्तू एक, नावं अनेक. मिळालं नाही म्हणजे नाही असं नाही. वर सांगितलेली रेशमाची विद्यार्थिनी नेमकी इथेच अडली. संगणकाच्या सूचीतही हे ‘पाहा’ बसवता येतं, चांगल्या सूचीत ते असतंही. पण ते पडद्यामागे आपोआप घडतं, आणि आपोआप घडलेल्यातून माणूस काही शिकत नाही. ते नसेल तर नसल्याचंही कळत नाही.

दुसरी गोष्ट पायांनी शिकायची. ड्यूईच्या दशांश पद्धतीने लावलेल्या ग्रंथालयात मराठी साहित्याचा आकडा ८९१.४६, कन्नडचा ८९४.८१४. दोन्ही भाषा एकमेकींच्या अंगणात वाढलेल्या, शब्दांची देवघेव हजारेक वर्षांची. पण मांडणीत मराठीच्या एका बाजूला ओडिया आणि दुसऱ्या बाजूला गुजराती. तिथून कन्नडकडे निघालात तर वाटेत रशियन लागतं, मग अरबी, मग तुर्की, हंगेरियन आणि फिनिशही. न्यूयॉर्क राज्यात वाढलेल्या माणसाने १८७६ साली केलेल्या नकाशात द्राविडी भाषांना जी जागा उरली ती ही. एकदा ही वाट चाललेला विद्यार्थी पुन्हा कधी वर्गीकरणाला देवाची रचना समजत नाही. कुणीतरी, कुठेतरी बसून, आपल्या सोयीने जगाचे कप्पे पाडलेत हे त्याला कळतं. शोधयंत्राने क्रमाने दाखवलेल्या दहा नोंदीही कुणीतरी आपल्या सोयीने लावलेल्या असतात. पण तिथे चालायला वाट नसते, म्हणून संशय येत नाही. हा धडा चलचित्रातून द्यायचा कसा, मला अजून सुचलेलं नाही.

आता दुसरी बाजू. आणि ती दुबळी नाही.

विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणारं जाळं म्हणजे इन्फ्लिबनेट. हे नाव आज प्रत्येक महाविद्यालयाच्या ग्रंथपालाच्या तोंडी असतं. त्याची सुरुवात १९९१ साली पुण्यातल्या आयुकाच्या छत्राखाली एक प्रकल्प म्हणून झाली, हे पुणेकरांनाही सहसा माहीत नसतं. १९९६ साली ते स्वतंत्र झालं आणि गुजरातेत स्थिरावलं. मैसुरू विद्यापीठानेही वाट पाहिली नाही. तिथल्या ग्रंथालय आणि माहितीशास्त्र विभागात शालिनी अरस यांच्या पुढाकाराने २००० साली ‘विद्यानिधी’ हा उपक्रम सुरू झाला, भारतीय पीएच.डी. प्रबंध संगणकावर आणण्याचा. पुढे हेच काम इन्फ्लिबनेटच्या ‘शोधगंगा’ने देशपातळीवर उचललं. २०१०पासून ‘एन-लिस्ट’मुळे महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला स्वतःचं खातं आणि परवलीचा शब्द घेऊन हजारो नियतकालिकं घरबसल्या उघडता येऊ लागली. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजनेला मंजुरी दिली : २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं, केंद्र आणि राज्य सरकारांच्या ६,३००हून अधिक संस्था आणि त्यांतले सुमारे १.८ कोटी विद्यार्थी, शिक्षक, संशोधक.

आकडे पाहा आणि मग रेशमाच्या विद्यार्थिनीला आठवा. तिच्यासमोरची चौकट तीच आहे. चौकटीमागचा साठा मात्र कैक पटींनी वाढला. कोठार भरत गेलं, आत कसं शिरायचं ते सांगणारी ऑगस्टची वीस मिनिटं होती तेवढीच राहिली. पीएच.डी.ला बसणाऱ्याला २०१९पासून आयोगाने संशोधन-नीतीचा ३० तासांचा, दोन श्रेयांकांचा अभ्यास सक्तीचा केला, त्यात माहितीसंच कसे वापरायचे हेही येतं. बी.ए., बी.कॉम.ची मुलं त्यात नाहीत. संख्येने जास्त आणि गरजेने अधिक असलेली मंडळी तीच.

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी आली आणि सगळ्यांनाच एका रात्रीत ऑनलाइन व्हावं लागलं. तेव्हा बहुतेक ठिकाणी झालं ते असं, की सभागृहातलं भाषणच कॅमेऱ्यासमोर झालं. तेच नियम, तोच दंड, फक्त आता सरकत्या पाट्यांवर. एक तासाचा वेबिनार हा मला दोन्ही पद्धतींतले दोष गोळा करून केलेला पदार्थ वाटतो : वर्गाची जवळीक नाही आणि ऑनलाइनची सवडही नाही. मूल कॅमेरा बंद करून भाजी निवडत बसलेलं असतं.

ऑनलाइनची खरी ताकद छोट्या तुकड्यात आहे. ‘एन-लिस्टचा परवलीचा शब्द विसरलात तर’, ‘नावाचं जुनं स्पेलिंग कसं शोधायचं’, ‘शोधगंगेत एका विद्यापीठाचे प्रबंध कसे वेगळे काढायचे’, असं तीन-तीन मिनिटांचं चलचित्र, सूचीच्या त्याच पानावर, जिथे माणूस अडतो तिथेच लावलेलं. रात्री साडेअकराला अडलं तरी ते तिथे आहे. थांबवता येतं, मागे नेता येतं. कन्नड माध्यमातून आलेल्या मुलाला सभागृहातलं इंग्रजी डोक्यावरून जातं आणि हात वर करायची लाज वाटते. चलचित्र तो चार वेळा पाहील, आणि कन्नडमधलं असेल तर एकदाच. सांगली-सोलापूरकडच्या मराठी मुलांचंही वेगळं नाही.

आणि काही विद्यार्थ्यांना निवडच नसते. मैसुरू विद्यापीठाने १९६९ साली पत्रद्वारे शिक्षणाची संस्था काढली. १९९६ साली तिचंच कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ झालं, मैसुरूतच, मुक्तगंगोत्री नावाच्या परिसरात. अशा विद्यापीठाचा विद्यार्थी म्हणजे कोडगूतल्या कार्यालयातला कारकून, चामराजनगरातली दोन मुलांची आई. त्यांना ऑगस्टात सभागृहात कोण बोलावणार? वर्ग चांगला की पडदा चांगला ही चर्चा त्यांच्यापुरती निरर्थक आहे. पडदा नाही तर काहीच नाही.

मग निकाल काय लागतो? अमेरिकेत ही तुलना बरीच झाली. ऑस्वेगो इथल्या राज्य विद्यापीठाच्या ग्रंथपालांनी पहिल्या वर्षाच्या इंग्रजीच्या विद्यार्थ्यांचे दोन गट करून, एकाला वर्गात आणि दुसऱ्याला संगणकावर तेच शिकवलं आणि २००३ साली निष्कर्ष छापले : दोन्ही गटांची प्रगती जवळपास सारखी. इतरत्र झालेल्या अशा अनेक चाचण्यांचाही सूर तोच. प्रशासनाला हे फार आवडतं, कारण मग स्वस्त पडेल ते निवडता येतं.

पण चाचणी कशाची घेतली हे पाहायला हवं. योग्य पर्यायावर खूण करता येणं आणि फेब्रुवारीत अडल्यावर टेबलापाशी जाऊन विचारता येणं यांत अंतर आहे. कॉन्स्टन्स मेलन या अभ्यासिकेने १९८६ साली विद्यार्थ्यांच्या रोजनिश्या वाचून एक गोष्ट नोंदवली. संशोधनासाठी पहिल्यांदा ग्रंथालयात गेल्याचं वर्णन करताना शंभरातल्या पंचाहत्तर ते पंच्याऐंशी मुलांनी भीतीचे शब्द वापरले होते. इमारत अंगावर येते, सुरुवात कुठून करायची कळत नाही. वर प्रत्येकाला वाटतं की बाकीच्या सगळ्यांना येतं, आपल्यालाच येत नाही, आणि विचारलं तर आपलं अज्ञान उघडं पडेल. ही भीती चलचित्राने जात नाही. ती जाते ग्रंथपालाने एकदा नावाने हाक मारली की. किंवा ‘अहो मॅडम, हे मलाही पहिल्या खेपेला सापडलं नव्हतं’ असं समोरच्या माणसाने म्हटलं की. समोरासमोरच्या शिक्षणाचं जे काही मोल आहे ते मला मुख्यतः एवढ्यातच दिसतं. पुस्तकं किती दिवसांसाठी मिळतात हे सांगायला माणूस कशाला हवा? ते भिंतीवर लावा.

उलट काही धडे पडद्यावरच द्यायला हवेत, कारण रोग तिथलाच आहे. स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ साली १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि २५ विद्यार्थी यांना काही संकेतस्थळं तपासायला दिली. विद्यार्थी फसले, आणि इतिहासकारही पुष्कळदा फसले; समोरचं पान बारकाईने, वरून खालपर्यंत, नीट वाचत बसले म्हणून फसले. तपासनीसांनी पान फारसं वाचलंच नाही. ताबडतोब दुसऱ्या खिडक्या उघडल्या आणि ही संस्था आहे कोण, हे इतरांकडून जाणून घेतलं. लग्न जमवताना आपण करतो तेच : मुलाच्या घरच्यांनी स्वतःबद्दल काय सांगितलं हे ऐकून घ्यायचं आणि चौकशी शेजाऱ्यांकडे करायची. हे खडू-फळ्यावर शिकवून येत नाही, खिडक्या उघडूनच येतं. हल्ली तर मुलं कृत्रिम बुद्धिमत्तेकडून संदर्भांची यादी घेऊन येतात, आणि त्यातले काही लेख जगात कुणी लिहिलेलेच नसतात. तो लेख शोधून पाहा, सापडत नाही ना, मग तो नाहीच का, की आपण चुकीच्या नावाने शोधतोय? पुन्हा कुवेंपु आणि पुट्टप्पा. आता ‘मिळालं नाही म्हणजे नाही असं नाही’ हे शिकवायचं, आणि ‘यादीत आहे म्हणजे आहे असंही नाही’ हेही शिकवायचं.

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात अर्लम नावाचं एक लहान महाविद्यालय आहे. तिथले ग्रंथपाल इव्हन फार्बर यांनी १९६०च्या दशकापासून एक साधी रीत पाडली. ग्रंथालयाचा स्वतंत्र तास घ्यायचाच नाही. इतिहासाच्या प्राध्यापकाने निबंध दिला की त्या आठवड्यात, त्या वर्गात, त्या निबंधापुरतं ग्रंथपालाने येऊन शिकवायचं. रसायनाचा प्रकल्प निघाला की तिकडे जायचं. पुढे संगणक आले, आणि या रीतीला त्याने काही बिघडलं नाही, कारण तिचा आधार माध्यमावर नव्हता. मूल कधी अडतं यावर होता. मला या सगळ्या वादात पटलेली बाजू हीच. वर्ग की पडदा हा दुय्यम प्रश्न आहे. ऑगस्टात दिलेलं उत्तम व्याख्यान आणि ऑगस्टात पाठवलेलं उत्तम चलचित्र, दोन्ही सारखीच वाया जातात. फेब्रुवारीत, प्रकल्पाचा कागद हातात असताना, दहा मिनिटं बोललेला ग्रंथपाल आणि तीन मिनिटांचं चलचित्र, दोन्ही कामी येतात.

यात अडचण आहे ती प्राध्यापकांची. प्रकल्प कधी दिला, विषय काय दिले, हे आमच्या महाविद्यालयांत ग्रंथपालाला कुणी कळवतच नाही. त्याला कळतं ते एकदम पंचवीस मुलं एकच पुस्तक मागायला आली की. मैसुरू असो की मिरज, सत्राच्या सुरुवातीला विभागांनी आपल्या प्रकल्पांची यादी ग्रंथालयात नेऊन दिली तर निम्मं काम होईल. त्याला अनुदान लागत नाही, परिपत्रकही लागत नाही.

तुम्ही विद्यार्थी असाल, किंवा घरात कुणी असेल, तर एवढं करून पाहा. आपल्या महाविद्यालयाच्या सूचीत कुसुमाग्रज टाका आणि किती पुस्तकं येतात ते लिहून ठेवा. मग शिरवाडकर टाका. मग दोन्ही इंग्रजी अक्षरांत टाका. चार आकडे वेगवेगळे आले, तर तो कागद घेऊन ग्रंथपालांच्या टेबलाशी जा आणि विचारा, असं का?